घराच्या रंगकामासाठी ब्रश आणि रोलर कसे निवडावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील एका जुन्या सदनिकेचे रंगकाम करायचे आहे. आतल्या भिंती पुट्टीच्या असून त्यांवर इमल्शन, म्हणजे पाण्यात पातळ होणारा रंग, लावायचा आहे, दारे आणि चौकटींना ऑइल पेंट आहे, खिडक्यांना लोखंडी ग्रिल आहेत आणि बाल्कनीची बाहेरची भिंत खरखरीत सँडफेस प्लास्टरची आहे. रंगारी म्हणतो, "एक चार इंची ब्रश आणून द्या, बाकीचे मी बघतो." दुकानदार मात्र ब्रश, रोलर आणि ट्रे यांचा तयार संच पुढे करतो. यांतले नेमके काय घ्यावे, असे आपण विचारले आहे.

या घरात चार वेगवेगळे पृष्ठभाग आहेत आणि दोन वेगळ्या जातींचे रंग आहेत, त्यामुळे एका ब्रशने किंवा एका संचाने हे काम नीट होणार नाही. पुण्यात रंगकामाची कंत्राटे घेताना मी हत्यारे निवडण्याचा एक क्रम ठरवून घेतला आहे आणि तोच आपल्याला सुचवतो. रंग कशाने पातळ होतो, पाण्याने की टर्पेंटाइनने, हे आधी पाहावे, कारण त्यावर ब्रशचे केस ठरतात. मग पृष्ठभाग किती गुळगुळीत किंवा खरखरीत आहे ते पाहावे, त्यावर रोलरची लव, म्हणजे त्याच्या अंगावरच्या धाग्यांची लांबी, ठरते. रुंदीचा विचार सर्वांत शेवटी करावा. बहुतेक ग्राहक याच्या उलट्या क्रमाने जातात. दुकानात जाऊन "चार इंची द्या" म्हणतात आणि केस कसले आहेत हे विचारतही नाहीत.

हत्यारावर थोडा खर्च करणे का परवडते, याचा हिशेब सोपा आहे. दहा बाय बाराच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीच्या भिंती 440 चौरस फूट भरतात. दार आणि खिडकी वजा केली की सुमारे 400 उरतात. गुळगुळीत पुट्टीवर चांगल्या इमल्शनचे दोन हात लिटरमागे साधारण 120 ते 140 चौरस फूट जातात, म्हणजे या खोलीला तीन लिटरच्या आसपास रंग लागतो. त्या रंगाच्या आणि मजुरीच्या मानाने उत्तम ब्रश आणि उत्तम रोलर यांची किंमत फारच थोडी असते. भिंतीवर शेवटी जे दिसते त्याचा मोठा भाग मात्र त्याच दोन वस्तू ठरवतात.

आधी केसांविषयी. पिढ्यान्‌पिढ्या रंगाचा चांगला ब्रश म्हणजे डुकराच्या राठ केसांचा ब्रश असेच समीकरण होते. आपल्याकडे कानपूर हे या केसांच्या व्यापाराचे जुने केंद्र आहे आणि जगाच्या बाजारात चीनचा माल मोठा होता. 1950 मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातल्यानंतर तिथल्या ब्रश कारखान्यांना नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांवर अधिक भर द्यावा लागला. डुकराच्या केसाचा गुण त्याच्या टोकात असतो. प्रत्येक केस टोकाला नैसर्गिकपणे दोन-तीन शाखांत फुटलेला असतो. या फुटलेल्या टोकांमुळे ब्रश जास्त रंग धरतो आणि तो भिंतीवर किंवा लाकडावर बारीक रेषांनी पसरवतो. त्या रेषा रंग वाळण्याआधी एकमेकींत मिसळून जातात. ऑइल पेंट, वॉर्निश आणि टर्पेंटाइनमध्ये पातळ होणाऱ्या कोणत्याही रंगासाठी हा ब्रश मी आजही पहिल्या पसंतीने घेतो.

पाण्याच्या रंगात हाच गुण उलटतो. हा केस पाणी शोषून घेतो. सकाळी इमल्शनमध्ये बुडवलेला नवा ब्रश दहा वाजेपर्यंत छान चालतो, पण दुपारच्या जेवणापर्यंत त्याचे केस फुगून लुळे पडतात, ब्रश मधोमध फाकतो आणि कडेचे केस बाहेर वळतात. अशा ब्रशने छताच्या कडेला सरळ रेषा मारता येत नाही. रंगारी मग जास्त दाब देतो आणि दाब दिला की वळ उठतात. डिस्टेंपर असो, इमल्शन असो की पाण्यात पातळ होणारे प्रायमर असो, या सर्वांसाठी कृत्रिम धाग्याचा ब्रश घ्यावा. पॉलिएस्टरचा धागा पाण्यात आणि उन्हाळ्याच्या उष्म्यातही आपला ताठपणा राखतो. नायलॉन झिजेला अधिक टिकतो, पण उष्म्यात थोडा मऊ पडतो. दोन्हींचे मिश्रण असलेला ब्रश मिळाला तर घरच्या कामाला तो सर्वांत सोयीचा. धागा मुळाशी जाड आणि टोकाकडे निमुळता असावा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा जाड धागा झाडूसारखा वागतो.

चुन्याचे काम असेल तर हे दोन्ही बाजूला ठेवावे. चुना तीव्र अल्कलीधर्मी असतो आणि प्राण्यांचे केस त्यात हळूहळू कुजतात. गावाकडच्या जुन्या घरांना चुना देताना घायपाताच्या वाखाचा किंवा केवड्याच्या मुळ्यांचा ठेचलेला कुंचा वापरत, त्यामागे हेच कारण होते. वनस्पतीचा धागा चुन्याला पुरून उरतो. आपल्या कोकणातल्या किंवा देशावरच्या घराची एखादी भिंत अजून चुन्याची असेल, तर तिच्यासाठी महागडा ब्रश वाया घालवू नये.

आणखी एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक वाटते. अनेक घरांमध्ये धार्मिक किंवा शाकाहाराच्या कारणाने डुकराच्या केसांचा ब्रश चालत नाही, निदान देवघरात आणि स्वयंपाकघरात तरी नको असतो. ही भावना रंगाऱ्याला काम सुरू होण्याआधी स्पष्ट सांगावी. ऑइल पेंटसाठीही कृत्रिम धाग्याचे चांगले ब्रश मिळतात. ते घेतल्याने कामाचा दर्जा घसरत नाही, फक्त ते ऑइल पेंटसाठी चालतात याची वेष्टनावर खात्री करून घ्यावी.

दुकानात ब्रश हातात घेतल्यावर काय पाहावे, हे मी जरा तपशिलाने सांगतो, कारण छायाचित्रात सगळे ब्रश सारखेच दिसतात. प्रथम केस अंगठ्याने बाजूला सारून मुळाशी बघावे. केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या पट्टीत मधोमध एक पातळ लाकडी किंवा प्लास्टिकची फळी असते. तिच्यामुळे केसांत जी पोकळी राहते तिच्यात रंग साठतो, म्हणून ती हवीच. स्वस्त ब्रशमध्ये मात्र ही फळी इतकी जाड असते की बाहेरून भरगच्च दिसणारा ब्रश आतून निम्मा पोकळ असतो. मग केस तळहातावर दाबून सोडावेत. ते लगेच सरळ उभे राहिले पाहिजेत. टोकांवरून बोट फिरवावे. टोके मऊ लागली आणि उजेडासमोर धरल्यावर बारीक फुटलेली दिसली तर ब्रश चांगला. कापलेल्या दोरीसारखी बोथट टोके असतील तर तो परत ठेवावा. केस चिमटीत धरून हलके ओढावेत. नव्या ब्रशचे एक-दोन सुटे केस येणे चालते, पण प्रत्येक वेळी चार-पाच येत असतील तर तेच उद्या आपल्या दारावर रंगात अडकलेले दिसतील. दोन इंची ब्रशचे पट्टीबाहेरचे केस निदान दोन इंच लांब असावेत. आखूड केसांचा ब्रश रंग धरत नाही आणि ताठ असल्यामुळे ओरखडे काढतो. शेवटी पट्टी पाहावी. ती मुठीवर घट्ट बसलेली आणि न गंजणाऱ्या धातूची असावी. मुंबई, ठाणे आणि सगळ्या किनारपट्टीवर साध्या पत्र्याची पट्टी एका पावसाळ्यात गंजते आणि मग पांढऱ्या इमल्शनमध्ये तांबूस ठिपके उतरतात.

केस खरे आहेत की कृत्रिम अशी शंका आल्यास एक सुटा केस दुकानाबाहेर काडीने जाळून पाहता येतो. प्राण्याचा केस जळताना केस जळल्याचा ओळखीचा वास येतो आणि चुरडली जाणारी राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी होते.

आता रुंदी. आपल्या रंगाऱ्याने मागितलेला चार इंची ब्रश वाईट नाही. ज्या काळात भिंतीला डिस्टेंपरच लागत असे त्या काळात चार-पाच इंची ब्रश हेच मुख्य हत्यार होते, कारण डिस्टेंपर पातळ असते, लवकर ओढते आणि ते आडवे-उभे झपाट्याने फिरवावे लागते. कोऱ्या प्लास्टरला किंवा जुन्या, किंचित भुकटी सुटणाऱ्या भिंतीला प्रायमरचा हात द्यायलाही रुंद ब्रशच चांगला, कारण तो प्रायमर घासून छिद्रांत बसवतो. इमल्शनच्या शेवटच्या दोन हातांसाठी मात्र मोठी मोकळी भिंत रोलरने आणि कडा-कोपरे लहान ब्रशने, अशी वाटणी करावी. या कडांच्या कामाला आपले रंगारी 'कटिंग' म्हणतात. त्यासाठी अडीच इंची, शक्यतो तिरप्या कापाचा ब्रश घ्यावा. तिरपा काप असला की लांब बाजूचे केस कोपऱ्यात आधी पोहोचतात आणि मनगट न वळवता रेषा धरता येते. एक इंची ब्रश बटणांच्या पेट्यांभोवती, बिजागऱ्यांजवळ आणि खिडकीच्या खाचांत लागतोच.

कटिंग करताना ब्रश रंगात केसांच्या एक तृतीयांश उंचीपर्यंतच बुडवावा आणि डब्याच्या आतल्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी हलके थोपटावा. डब्याच्या कडेवर घासून पुसू नये. तसे केले की केसांच्या आत भरलेला रंग निघून जातो आणि नुसत्या ओल्या टोकांनी काम करावे लागते. पहिली रेघ कडेपासून अर्धा इंच खाली ओढावी, म्हणजे जास्तीचा रंग तिथे उतरतो. मग ब्रश थोडा दाबून, केस किंचित पसरू देऊन, तोच ओला रंग वर छताच्या कडेपर्यंत ढकलत न्यावा आणि एका श्वासात हातभर लांब रेषा मारावी. रेषा सरळ येण्यामागे हाताच्या कसबाचा वाटा आहेच, पण केस एकत्र राहणारा ब्रश नसेल तर कसबी हातालाही ती साधत नाही.

या कटिंगच्या पट्ट्याविषयी एक सूचना मी प्रत्येक कामावर देतो. पट्टा दोन ते तीन इंचांपेक्षा रुंद ठेवू नये, आणि तो ओला असतानाच रोलर त्याच्यावर शक्य तितका कडेपर्यंत न्यावा. सकाळी सगळ्या खोलीचे कटिंग उरकायचे आणि दुपारी रोलर फिरवायचा, अशी सवय अनेक ठिकाणी दिसते. तसे केले की ब्रशचा वाळलेला पट्टा आणि रोलरचा पोत वेगळे दिसतात आणि प्रत्येक भिंतीला कडेने चौकट मारल्यासारखे वाटते. रंग एकाच डब्यातला असूनही असे होते, कारण पोत वेगळा असला की उजेड वेगळा परततो. एक भिंत घ्यावी, तिचे कटिंग करावे, लगेच तिचे रोलिंग करावे आणि मगच दुसऱ्या भिंतीकडे वळावे. दोन माणसे असतील तर एक ब्रश घेऊन पुढे आणि दुसरा रोलर घेऊन मागे, ही जोडी उत्तम चालते.

रोलर हे ब्रशच्या मानाने अगदी नवे हत्यार आहे. त्याचा प्रसार 1940 च्या दशकात उत्तर अमेरिकेतून झाला. त्याच्या निवडीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे लवेची जाडी, आणि नेमकी तीच ग्राहक पाहत नाहीत. चांगल्या रोलरच्या वेष्टनावर ती मिलिमीटरमध्ये छापलेली असते. ऑइल पेंटसाठी आणि गुळगुळीत दारांसाठी 4 ते 6 मिलिमीटर, पुट्टी मारून घासलेल्या आतल्या भिंतींसाठी 9 ते 12, आणि सँडफेस किंवा त्याहून खरखरीत प्लास्टरसाठी 18 ते 20 मिलिमीटर, असा माझा साधारण हिशेब आहे. लव खरखरीत भिंतीच्या खळग्यांत उतरली पाहिजे. आखूड लवेचा रोलर तिथे फक्त उंचवट्यांना रंग लावतो आणि खळगे कोरे राहतात. उलट गुळगुळीत पुट्टीवर लांब लवेचा रोलर फिरवला तर रंगाचे बारीक उंचवटे उठतात आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. मॅट इमल्शनमध्ये तो काहीसा लपतो. चकाकी असलेल्या इमल्शनमध्ये किंवा लस्टर नावाच्या चमकदार रंगात तो मुळीच लपत नाही.

आजकालच्या घरांत हा दोष पूर्वीपेक्षा जास्त का दिसतो, त्याला एक कारण आहे. पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये कडेने एलईडीची पट्टी लावतात आणि तिचा उजेड भिंतीवरून वरून खाली घासत जातो. अशा तिरप्या उजेडात रोलरची प्रत्येक कड, प्रत्येक जोड आणि पुट्टीची प्रत्येक लाट सावली टाकते. खिडकीलगतच्या भिंतीवर सकाळच्या उन्हातही हेच होते. आपल्याकडे असे दिवे असतील तर त्या भिंतींना 9 मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. दुसरा हात देताना तो दिवा किंवा तिरपा धरलेला हॅलोजन लावून ठेवावा, म्हणजे दोष रंग ओला असतानाच हाती लागतो.

लव कशाची आहे हेही पाहावे. आतल्या इमल्शनसाठी मायक्रोफायबरचा रोलर सर्वांत चांगला. तो रंग भरपूर धरतो, सारखा सोडतो आणि शिंतोडे कमी उडवतो. साधा विणलेला पॉलिएस्टरचा रोलर स्वस्त आणि टिकाऊ असतो, बाहेरच्या कामाला पुरेसा असतो, पण आतल्या गुळगुळीत भिंतीवर तो ठिपकेदार पोत सोडतो. फोमचा रोलर इमल्शनसाठी घेऊ नये. त्याच्या छिद्रांतली हवा रंगात फेस करते आणि वाळल्यावर भिंतीवर बारीक खड्डे राहतात. ऑइल पेंटसाठी चार इंची फोम चालतो, मात्र थिनरच्या लाकरसारख्या रंगात तो फुगून तुटतो. तयार संचात बहुधा फोमचाच किंवा विरळ पॉलिएस्टरचा रोलर असतो, म्हणून आपण तो संच घेऊ नये असे मी म्हणेन. संचातला ट्रे चांगला वाटला तर तेवढाच सुटा मागून घ्यावा.

रोलरची बाही, म्हणजे बदलता येणारा रिफिल, आणि तिला धरणारी फ्रेम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बाहीचा गाभा प्लास्टिकचा असावा. पुठ्ठ्याचा गाभा पाण्यात दुसऱ्या दिवशी सैल होतो. फ्रेमवर बाही घट्ट बसून सहज फिरली पाहिजे, आणि मुठीच्या तळाला काठी बसवण्यासाठी आटे असावेत. भिंतींना नऊ इंची फ्रेम योग्य. काठी लावून जमिनीवर उभे राहून काम केले की घोड्यावर, म्हणजे उभ्या शिडीवर, चढ-उतार वाचते आणि वरपासून खालपर्यंत हात एकसारखा पडतो.

नव्या बाहीतून सुटे तंतू निघतात. ती आदल्या रात्री साबणाच्या पाण्यात धुऊन, पिळून, झटकून वाळवावी, किंवा तिच्यावर मास्किंग टेप गुंडाळून ओढून काढावा. काम सुरू करताना पाण्याच्या रंगासाठी बाही किंचित ओलसर करून घ्यावी, नाहीतर कोरडी लव पहिला वाटीभर रंग नुसताच पिऊन बसते आणि पहिल्या पट्ट्यात ठिगळे पडतात. ट्रेच्या उतारावर रोलर चार-पाच वेळा फिरवावा, म्हणजे रंग सगळ्या बाजूंनी सारखा भरतो. डब्यात थेट बुडवलेला रोलर एका बाजूला जड होतो आणि भिंतीवर दर फेऱ्याला तोच गडद डाग उमटवतो.

भरलेल्या रोलरचा आवाज ओळखायला शिकावे. रंग पुरेसा असताना तो ओलसर, हलका सळसळ आवाज करतो. रंग संपत आला की चिकट चरचर ऐकू येऊ लागते, जणू टेप उचकटत आहे. त्या क्षणी तो ट्रेकडे न्यावा. आणखी एखादा फूट निघेल या आशेने दाब देऊन फिरवत राहिले की बाहीच्या दोन टोकांतून रंग बाहेर दाबला जातो आणि भिंतीवर दोन समांतर जाड रेघा राहतात. जे पट्टे वाळल्यावर रंगाचा दोष म्हणून दाखवले जातात, त्यांतले बरेच या दाबाचे असतात. तीन-साडेतीन फूट रुंदीचा भाग घ्यावा, आधी तिरपे फिरवून रंग पसरावा, मग तोच भाग वरून खाली, एकाच दिशेने, अगदी हलक्या हाताने ओढून काढावा आणि पुढचा भाग आधीच्या ओल्या कडेवर दोन इंच चढवावा. एप्रिल-मेच्या उष्म्यात ही कड चटकन वाळते. पंखे बंद ठेवावेत, उन्हाची भिंत सकाळी लवकर घ्यावी, आणि भिंत अर्धी सोडून चहाला जाऊ नये. रंग पातळ करण्याचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असते, तेवढेच पाणी घालावे. जास्त पाणी घातले की रोलर फक्त शिंतोडे उडवतो आणि खालचा रंग पुरता झाकला जात नाही म्हणून तिसरा हात द्यावा लागतो.

छतासाठी वेगळे काही नको. तोच मायक्रोफायबर, तीच काठी, फक्त रोलर हळू फिरवावा आणि शेवटचा हात खिडकीकडून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने ओढावा.

दारे आणि चौकटींना ऑइल पेंट आहे, तिथे दोन किंवा अडीच इंची डुकराच्या केसांचा किंवा ऑइल पेंटला चालणारा कृत्रिम ब्रश घ्यावा. लाकडाच्या खाचा लांबीने (लाकडाच्या पुट्टीने) भरून, पॉलिश पेपरने घासून, धूळ ओल्या फडक्याने पुसून घेतल्यावर रंग आधी आडवा पसरावा. मग जवळजवळ कोरड्या ब्रशच्या फक्त टोकांनी लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलकेच ओढून सोडावा. सपाट फ्लश दार असेल तर चार इंची, 4 मिलिमीटर लवेच्या रोलरने रंग पसरवून लगेच ब्रशने ओढून घेतल्यास काम झपाट्याने आणि ओघळ न येता होते. पॅनेलच्या नक्षीदार दारात रोलरचा उपयोग नाही. हा ब्रश पुन्हा कधीही इमल्शनमध्ये घालू नये. मुठीला रंगीत टेप गुंडाळून 'तेल' आणि 'पाणी' असे लिहून ठेवले तर सरमिसळ होत नाही.

ग्रिलसाठी गोल मुठीचा, गोल केसांचा एक इंची ब्रश मिळाला तर जरूर घ्यावा. तो नळीभोवती फिरतो आणि चपट्या ब्रशने जी मागची बाजू राहून जाते तिथे पोहोचतो. गंज तारेच्या ब्रशने घासून, रेडऑक्साइड या गंजरोधक प्रायमरचा हात देऊन मगच रंग लावावा. हे काम ब्रशला फार झिजवते, म्हणून येथे दारांचा चांगला ब्रश वापरू नये; गोल ब्रश न मिळाल्यास जुना झालेला ब्रश खर्ची घालावा.

बाल्कनीच्या सँडफेस भिंतीला 18 मिलिमीटर लवेचा रोलर आणि जोडीला एक जाड, चार इंची कृत्रिम ब्रश लागेल. आपल्या रंगाऱ्याने मागितलेला ब्रश खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल तो इथे. पहिला हात ब्रशने घासून खळग्यांत आणि केसासारख्या बारीक भेगांत बसवावा, दुसरा रोलरने द्यावा. पावसाचा मारा याच भिंतीवर असतो आणि खळग्यात रंग पोहोचला नसेल तर पाणी तिथूनच आत शिरते, पुढच्या वर्षी आतल्या बाजूला पापुद्रे सुटतात.

पुढे एखाद्या ठिकाणी डाग पडला आणि दुरुस्ती करायची झाली, तर ज्या हत्याराने ती भिंत रंगवली त्याच हत्याराने करावी. रोलरच्या भिंतीवर ब्रशने दिलेला ठिपका त्याच डब्यातला रंग असूनही उठून दिसतो. यासाठी उरलेल्या रंगाबरोबर त्याच लवेची एक चार इंची छोटी बाही धुऊन ठेवावी आणि डब्यावर खोलीचे नाव, शेडचा क्रमांक आणि लवेची जाडी लिहून ठेवावी.

आपल्या घरासाठी माझी यादी अशी होईल: अडीच इंची तिरप्या कापाचा कृत्रिम ब्रश एक, एक इंची कृत्रिम ब्रश एक, चार इंची कृत्रिम ब्रश एक, ऑइल पेंटसाठी दोन इंची ब्रश एक आणि ग्रिलसाठी एक इंची गोल ब्रश एक. नऊ इंची फ्रेम दोन, 9 मिलिमीटरच्या मायक्रोफायबर बाह्या दोन, 18 मिलिमीटरची बाही एक, चार इंची छोटी फ्रेम एक, तिच्यासाठी 4 मिलिमीटरच्या बाह्या दोन आणि 9 मिलिमीटरची एक, शिवाय ट्रे आणि काठी. गडद रंगाची एखादी भिंत ठरवली असेल तर तिच्यासाठी वेगळी बाही घ्यावी. कितीही धुतली तरी लाल किंवा गडद निळा रंग बाहीत थोडा राहतो आणि नंतरच्या फिकट रंगात उतरतो.

जेवणाच्या सुटीत ब्रश आणि रोलर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवावेत; पाण्यात बुडवून ठेवले की मूठ फुगते, पट्टी सैल होते आणि नंतर पहिल्याच रेघेत पाणी ओघळते. दिवस संपल्यावर पाण्याच्या रंगाची हत्यारे वाहत्या पाण्याखाली केस खालच्या बाजूला धरून साबणाने धुवावीत, केसांच्या मुळाशी अंगठ्याने चोळून रंग काढावा, बोटांनी केस सरळ करावेत आणि ब्रश खिळ्याला टांगावा किंवा आडवा ठेवावा. केसांवर उभा केलेला ब्रश एका रात्रीत वाकतो. ऑइल पेंटचा ब्रश दोन वेळा थोड्या-थोड्या टर्पेंटाइनमध्ये धुऊन शेवटी साबणाने धुवावा. ते टर्पेंटाइन मोरीत ओतू नये. झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवले की रंग तळाशी बसतो आणि वरचे निवळ पुढच्या धुण्याला वापरता येते. ऑइल पेंटच्या छोट्या बाह्या धुण्यात जितके टर्पेंटाइन जाते तितक्यात नवी बाही येते, म्हणून त्या काम संपल्यावर टाकून द्याव्यात. ऑइल पेंट, वॉर्निश किंवा अळशीचे तेल पुसलेली फडकी मात्र गोळा करून पिशवीत कोंबू नयेत. वाळताना ती आतून तापतात आणि ढिगात पेट घेऊ शकतात. ती बाल्कनीच्या दोरीवर एकेक पसरून पूर्ण कडक वाळू द्यावीत आणि मगच कचऱ्यात टाकावीत.